रोम संविधी आणि भारत : आधी कायदा, मग सामीलनामा
इंदूरातून पाठपुरावा करू इच्छिणाऱ्यांसाठी

भारताने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारावर सही करावी, असं निवेदन लिहायला घेतलं असेल तर पहिलंच वाक्य बदलावं लागेल. सही करण्याची मुदत ३१ डिसेंबर २००० रोजी संपली. हा करार म्हणजेच रोम संविधी. तिच्या कलम १२५ प्रमाणे ज्यांनी तोवर सही केली, त्यांनी पुढे अनुसमर्थन करायचं, म्हणजे सही केलेला करार पक्का करायचा. ज्यांनी केली नाही, त्यांना थेट सामील व्हायचा मार्ग आजही खुला आहे. जपान २००७ साली असाच सामील झाला. दोन्ही मार्गांनी येणारी बंधनं आणि हक्क सारखेच. पण मागणीच चुकीची असली तर नकाराचं सोपं कारण आपणच हातात देतो. म्हणून निवेदनात ‘सही’ नको, ‘अनुसमर्थन’ही नको, ‘भारताने रोम संविधीत सामील व्हावं’ एवढंच लिहावं.

दुसरा घोटाळा न्यायालयांचा. कुलभूषण जाधव प्रकरण चाललं ते हे न्यायालय नव्हे. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय, तिथे देशाविरुद्ध देश उभा राहतो. दोन्ही हेगलाच आहेत, त्यामुळे गल्लत होते. फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून माणूस उभा राहतो, तोही चारच गुन्ह्यांसाठी : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण.

भारताची हरकत नेमकी काय होती

१७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये मतदान झालं. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थ होता. संविधी १ जुलै २००२ पासून लागू झाली आणि आजवर सव्वाशेच्या आसपास देश तिच्यात आहेत. आपल्या शेजारचे अफगाणिस्तान, बांगलादेश आणि मालदीवही सामील झाले.

निवेदन लिहिण्याआधी भारताचे आक्षेप पाठ असायला हवेत, कारण समोरचा माणूस तेच मांडणार. सुरक्षा परिषदेला प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याचा (कलम १३) आणि चालू तपास बारा महिने थांबवण्याचा (कलम १६) अधिकार दिला, तोही परिषदेतले काही कायम सदस्य स्वतः संविधीबाहेर असताना. न्यायालयाच्या अभियोक्त्याला, म्हणजे तपास करून खटला चालवणाऱ्या अधिकाऱ्याला, स्वतःहून तपास सुरू करता येतो (कलम १५). देशांतर्गत सशस्त्र संघर्षही युद्धगुन्ह्यांच्या कक्षेत घेतले. अण्वस्त्रांचा वापर बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत घेतला नाही आणि दहशतवाद हा स्वतंत्र गुन्हा मानला नाही.

यातले सुरक्षा परिषदेबद्दलचे आक्षेप खरोखर वजनदार आहेत, ते झटकून टाकू नयेत. पण एक गोष्ट स्पष्ट सांगावी : बाहेर राहिल्यानेही कलम १३ पासून सुटका होत नाही. सुदान आणि लिबिया संविधीत नव्हते, तरी सुरक्षा परिषदेने त्यांची प्रकरणं न्यायालयाकडे पाठवलीच. बाहेर राहून सुटतं ते बहुतांशी कलम १५.

आणि कलम १५ च्या भीतीवरचं उत्तर संविधीतच आहे. कलम १७ प्रमाणे एखादा देश त्या गुन्ह्याचा तपास किंवा खटला स्वतः खरेपणाने चालवत असेल, तर हेगचं न्यायालय ते प्रकरण घेऊ शकत नाही. ‘खरेपणाने’ म्हणजे काय, हे मात्र तेच न्यायालय ठरवतं. हे लपवू नये. तरीही सार्वभौमत्वाची सगळ्यात भक्कम तटबंदी म्हणजे आपल्याच सत्र न्यायालयात असे खटले चालवता येतील असा कायदा. तो आज आपल्याकडे नाही.

पोकळी कुठे आहे

वंशसंहारविरोधी कराराला भारताने १९५९ साली मान्यता दिली. त्या कराराच्या कलम ५ प्रमाणे त्यासाठी देशात कायदा करणं बंधनकारक आहे. तो झाला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी दंगलींतल्या सज्जनकुमार प्रकरणाच्या निकालात हीच त्रुटी दाखवली आणि ती तातडीने दूर व्हायला हवी असं नोंदवलं. निवेदनाला जोडायचा सगळ्यात उपयोगी भारतीय आधार हाच आहे. परदेशी विद्वानांची दहा अवतरणं देण्यापेक्षा या निकालाचे दोन परिच्छेद पुरतात.

खुनाचं कलम आहेच की, असं लोक म्हणतात. आहे. पण खुनाच्या कलमाखाली प्रत्येक मृत्यू सुटा पडतो. कट, यादी, वाहनं, वरून आलेला इशारा, पोलिसांना मागे घेणारा आदेश, हे सगळं मिळून जो एक गुन्हा होतो त्याला नाव मिळत नाही, आणि वरचा माणूस सुटतो.

म्हणून आमचा सल्ला ठाम आहे : मागणी दोन टप्प्यांत करा. आधी देशांतर्गत कायदा, मग सामीलनामा, म्हणजे संविधीत सामील होत असल्याचा अधिकृत कागद. पहिला टप्पा पार पडून दुसरा रखडला तरी कायदा आपल्या कामाचा आहेच. फिलिपिन्सने असा कायदा २००९ साली केला आणि २०११ साली संविधी मान्य केली. २०१९ साली तो देश संविधीतून बाहेर पडला, पण देशातला कायदा राहिला. जर्मनीने स्वतःची आंतरराष्ट्रीय गुन्हे संहिता २००२ साली लागू केली, ती संविधी लागू होण्याच्या एक दिवस आधी. उलट्या क्रमाचं उदाहरण मलेशियाचं. ४ मार्च २०१९ रोजी सामीलनामा दाखल केला, राजघराण्यांच्या संरक्षणाचं काय होणार यावरून देशात गदारोळ झाला आणि २९ एप्रिलला तो मागे घेतला. १ जूनपासून तो लागू होणार होता. घटनेतल्या संरक्षणाचा प्रश्न आधी चर्चेत आणून सोडवला नाही, की तो असा शेवटच्या क्षणी उभा राहतो.

विधेयकात काय असावं

इथे घाई करू नये. मसुदा तपासायला बसाल तेव्हा पुढच्या गाठी एकेक करून पाहाव्यात.

गुन्ह्यांच्या व्याख्या संविधीच्या कलम ६, ७ आणि ८ मधून शब्दशः घ्याव्यात. ‘आपल्या परिस्थितीला अनुरूप’ म्हणून त्या आखडल्या, तर हेगचं न्यायालय म्हणू शकतं की या देशाकडे हा गुन्हाच नाही, आणि कलम १७ ची तटबंदी पडते. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात ‘नागरी लोकसंख्येवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला’ यातला ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे. मसुद्यात तिथे ‘आणि’ झालं तर निम्मे गुन्हे बाहेर जातात. संविधीची अधिकृत पाठ्यं अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहाच भाषांत आहेत. मराठीत किंवा हिंदीत काम करताना इंग्रजी पाठ्य शेजारी उघडं ठेवा.

वरिष्ठांची जबाबदारी हा भाग न्याय संहितेत या रूपात नाही. संविधीचं कलम २८ दोन मापं वापरतं. लष्करी अधिकाऱ्याला माहीत होतं किंवा त्या परिस्थितीत माहीत असायला हवं होतं, एवढं पुरतं. मुलकी वरिष्ठाच्या बाबतीत त्याला माहीत होतं, किंवा उघड दिसणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, हे दाखवावं लागतं. दोन्हींना एकच माप लावणारा मसुदा परत पाठवावा.

खटल्यासाठी सरकारच्या पूर्वमंजुरीची अट ही सगळ्यात अवघड गाठ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८, १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं कलम ६, आणि जिनिव्हा करार कायदा १९६० चं कलम १७, ज्याखाली न्यायालय फक्त सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच दखल घेतं. या तिन्हींना नव्या कायद्यात स्पष्ट अपवाद नसेल तर मंजुरी न देणं हेच ‘खटला चालवण्याची इच्छा नाही’ याचा पुरावा ठरू शकतं. मधला मार्ग असा : मंजुरी ठराविक मुदतीत द्यावी किंवा कारणांसह लेखी नाकारावी, आणि नकाराला उच्च न्यायालयात आव्हान देता यावं.

घटनेचं कलम ३६१ राष्ट्रपती आणि राज्यपालांना पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. संविधीचं कलम २७ म्हणतं की पदामुळे कुणालाच सूट नाही. पंतप्रधान आणि मंत्र्यांना आपल्या घटनेत असं फौजदारी संरक्षण नाही, त्यामुळे गाठ वाटते तेवढी मोठी नाही. फ्रान्सने तिथल्या घटनात्मक परिषदेचा (कायदे घटनेशी जुळतात का हे पाहणाऱ्या संस्थेचा) निर्णय आल्यावर १९९९ साली घटनादुरुस्ती करून ती सोडवली. आपल्याकडे कलम ३६१ ची दुरुस्ती संसदेच्या विशेष बहुमताने होऊ शकते. निम्म्या राज्यांची मान्यता लागणाऱ्या कलमांच्या यादीत ते नाही.

आरोपीला हेगकडे सोपवण्यासाठी प्रत्यार्पण कायदा १९६२ पुरत नाही. तो परदेशांसाठी आहे, न्यायालयासाठी नाही. संविधीच्या कलम ५९ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला देशातल्या न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. माणूस तोच आहे का, अटक रीतसर झाली का, त्याचे हक्क पाळले गेले का, हे तो न्यायाधीश पाहतो. वॉरंट मुळात बरोबर काढलं होतं का, हे त्याला तपासता येत नाही. मसुद्यात हे स्पष्ट लिहिलं नाही तर पहिलंच प्रकरण वर्षानुवर्षं रिट याचिकांत अडकेल. न्यायालयासमोर खोटी साक्ष देणं, साक्षीदाराला धमकावणं हे कलम ७० खालचे गुन्हेही देशी कायद्यात घालावे लागतात. हा भाग मसुदाकार हमखास विसरतात.

फाशीबद्दल विनाकारण वाद होतो. हेगच्या न्यायालयात फाशी नाही. कमाल ३० वर्षं किंवा अतिगंभीर प्रकरणात जन्मठेप. पण कलम ८० प्रमाणे देशातल्या शिक्षांवर संविधीचा परिणाम होत नाही. फाशी रद्द करणं ही सामील होण्याची अट नाही.

एक गोष्ट लोकांना पहिल्याच बैठकीत सांगा. घटनेच्या कलम २०(१) मुळे नवा गुन्हा मागच्या तारखेपासून लावता येत नाही, आणि संविधीचं कलम ११ सुद्धा सामील झाल्यानंतरच्याच घटना घेतं. जुन्या दंगलींतल्या पीडितांच्या कुटुंबांना या कायद्याने न्याय मिळेल असं आश्वासन देऊ नका. ते त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल.

दिल्लीत कागद कसा फिरतो

करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. घटनेचं कलम ७३ आणि केंद्र सूचीतली १४ वी नोंद हा त्याचा आधार. सामील होण्यासाठी संसदेची परवानगी लागत नाही. मंत्रिमंडळाची मंजुरी लागते. पण करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. तो कलम २५३ खाली संसदेला करावा लागतो, आणि ते कलम राज्य सूचीतल्या विषयांवरही संसदेला कायदा करू देतं. पोलीस आणि तुरुंग हे राज्यांचे विषय, म्हणून हे महत्त्वाचं. परराष्ट्र मंत्रालयाचा विधी व करार विभाग हा मूळ टेबल. त्याच्याबरोबर गृह, संरक्षण आणि विधी मंत्रालयांची मतं लागतात, आणि फाईल थांबली तर बहुधा या तिघांपैकी एकाकडे.

सामीलनाम्याचा कागद छोटा असतो : कराराचं नाव, विनाअट बांधील होत असल्याचं विधान, सही करणाऱ्याचं नाव व पद, तारीख, ठिकाण. सही राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री या तिघांपैकीच कुणाची तरी हवी. तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे दाखल होतो. संविधीच्या कलम १२० प्रमाणे कोणतीही अट किंवा राखीव हरकत जोडता येत नाही. ‘अण्वस्त्रांबाबतची हरकत राखून सामील व्हावं’ असा सल्ला कुणी दिला तर तो निरुपयोगी आहे. जोडता येतात ती काही मोजकी निवेदनं : पत्रव्यवहार कोणत्या मार्गाने करायचा (कलम ८७), शिक्षा झालेल्यांना आपल्या तुरुंगात घ्यायची तयारी आहे का (कलम १०३), आणि कलम १२४ खाली सात वर्षं युद्धगुन्ह्यांबाबतचा अधिकार न मानण्याची मुभा. हे कलम काढून टाकायचं २०१५ साली ठरलं, पण ती दुरुस्ती अजून लागू झालेली नाही. फ्रान्स आणि कोलंबियाने ही मुभा वापरली होती. लष्कराला जुळवून घ्यायला वेळ हवा असेल तर तडजोडीचा हा प्रामाणिक मार्ग आहे.

तारीख मोजताना चूक होते. दाखल केल्यानंतरचा साठावा दिवस धरायचा आणि त्याच्या पुढच्या महिन्याची पहिली तारीख घ्यायची. १० जानेवारीला दाखल केलं तर साठावा दिवस ११ मार्च (लीप वर्ष नसताना), आणि संविधी आपल्यासाठी १ एप्रिलपासून लागू.

इंदूरातून काय करता येतं

खटपट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जनहित याचिका टाकून सुरू करू नका. छळविरोधी कायदा करण्याचा आदेश द्यावा अशी अश्वनीकुमार यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फेटाळली. कायदा करणं हे संसदेचं काम, असं सांगून. आपली याचिका याहून वेगळी ठरणार नाही, आणि फेटाळल्याचा कागद पुढे प्रत्येक टेबलावर आपल्याविरुद्ध दाखवला जाईल.

सुरुवात माहिती अधिकाराने करा. परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज, फी १० रुपये, मजकूर ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘भारत सामील का झाला नाही’ असं विचारलं तर ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. दस्तऐवज मागा : रोम संविधीबाबत गृह, संरक्षण आणि विधी मंत्रालयांशी झालेल्या पत्रव्यवहाराची तारीखवार यादी, फाईल क्रमांक, आणि सध्या फाईल कोणत्या विभागाकडे आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ) म्हणजे परराष्ट्र संबंध, आणि मंत्रिमंडळाच्या कागदांबाबतचं कलम, यांचा आधार घेऊन नकार येण्याची शक्यता मोठी. वीस वर्षांपूर्वीची माहिती खुली होते असं म्हणून कलम ८(३) दाखवू नका. नेमके हे दोन अपवाद तिथेही कायम आहेत. त्याऐवजी कलम १० खाली गोपनीय भाग वगळून उरलेलं मागा. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत.

मग खासदार. इथे मतदारसंघ नीट पाहा. देपालपूर, सांवेर, राऊ आणि शहरातले पाचही विधानसभा मतदारसंघ इंदूर लोकसभेत येतात. महू मात्र धार लोकसभेत. महूच्या रहिवाशांची सही घेऊन इंदूरच्या खासदारांकडे गेलात तर पहिलाच प्रश्न तो येईल. मध्य प्रदेशातून राज्यसभेवर ११ सदस्य जातात, त्यांना मतदारसंघाची अडचण नाही. महूच्या छावणीमुळे इंदूर परिसरात निवृत्त लष्करी अधिकारी बरेच आहेत. मसुद्यातला वरिष्ठांच्या जबाबदारीचा भाग त्यांना आधी दाखवा. त्यांचे आक्षेप दिल्लीतले आक्षेपच असतील, आणि इथे ते शांतपणे ऐकता येतात.

बैठकीत चर्चा मराठीत करा, पण जाणारा प्रत्येक कागद हिंदीत करा. खासदारांच्या कार्यालयाचं काम हिंदीत चालतं आणि लोकसभेची याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते. मराठीत दिली तर भाषांतर जोडावं लागतं. खासदाराकडे पहिल्या भेटीत विधेयक मागू नका, प्रश्न मागा. लेखी प्रश्न १५० शब्दांच्या आत बसतो, १५ दिवस आधी सूचना लागते आणि त्यावर मंत्र्याचं अधिकृत उत्तर मिळतं. ‘वंशसंहार करारातल्या कलम ५ ची पूर्तता कोणत्या कायद्याने झाली?’ हा प्रश्न ‘रोम संविधीबाबत सरकारचं धोरण काय?’ यापेक्षा शंभर पटीने चांगला, कारण त्याला ठराविक साच्यातलं उत्तर देता येत नाही.

खासगी सदस्याचं विधेयक संमत होण्याची आशा धरू नये. १९७० नंतर एकही झालेलं नाही. ते मसुदा नोंदीवर आणण्यासाठी असतं. एक महिन्याची सूचना आणि उद्दिष्टांचं निवेदन लागतं. विशेष न्यायालयांचा खर्च असेल तर वित्तीय ज्ञापन (खर्चाचा अंदाज देणारं टिपण) आणि घटनेच्या कलम ११७(३) खाली राष्ट्रपतींची शिफारसही लागते. म्हणून पहिल्या मसुद्यात नवी न्यायालयं मागू नका, सत्र न्यायालयांनाच अधिकार द्या. कलम ३६१ चा भाग वेगळ्या विधेयकात काढा. घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडण्याआधी समितीकडे जातं आणि ते अडलं तर सगळंच अडतं.

लोकसभेच्या याचिकेचा नमुना ठरलेला आहे. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. सह्या एकाहून जास्त पानांवर गेल्या तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर याचिकेतली विनंती पुन्हा लिहावी लागते. कोऱ्या पानांवर गोळा केलेल्या शेकडो सह्या याच कारणाने वाया जातात. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकालही मजकुरातच उल्लेखायचा. शेवटी खासदाराची प्रतिस्वाक्षरी. तिच्याशिवाय याचिका सभागृहात मांडली जात नाही.

लोकसभा विसर्जित झाली की तिथे प्रलंबित असलेली विधेयकं रद्द होतात. लोकसभेने संमत केलेलं पण राज्यसभेत अडकलेलं विधेयकही त्यातून वाचत नाही. भारताने छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, त्यासाठीचं विधेयक २०१० साली लोकसभेने संमत केलं, राज्यसभेत ते थांबलं आणि २०१४ साली बाद झालं. म्हणून मसुदा, प्रश्नोत्तरं, माहिती अधिकाराची उत्तरं आणि पोचपावत्या यांची फाईल एका ठिकाणी ठेवा, आणि नवी लोकसभा बसली की पहिल्याच अधिवेशनासाठी प्रश्नाची सूचना पुन्हा द्या.